कोठार कुठून उघडलं

एकदा एक धाकटा भाऊ भर दुपारी थोरल्याच्या वृद्ध गुरूंच्या ओसरीवर चढला आणि चपला न काढताच म्हणाला, “बाबा, दादा दुसऱ्यांदा गेला.”

वृद्ध गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यांनी मान वर केली. आधी त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग पायांकडे.

“चपला काढ. पाणी पी. मग सांग.”

“पाणी नको मला.”

“तुला नको असेल, घशाला हवंय. कावळ्यासारखा आवाज निघतोय.”

धाकट्याने चपला अंगणात भिरकावल्या, तांब्या तोंडाला लावला आणि अर्धं पाणी शर्टावर सांडून घेतलं. त्याचं नाव गहिनीनाथ. शाळेत तो कधी रमला नाही. आठवीत मास्तरांशी भांडण झालं तेव्हा त्याने दप्तर विहिरीत टाकलं आणि पुन्हा नवं मागितलं नाही. त्याला संगणकाचं जे काही येत होतं ते थोरल्या भावाने, मुरलीधरने, शेजारी बसवून शिकवलेलं होतं. आणि मुरलीधरला शिकवलं होतं ते या वृद्धांनी. उन्हाळ्याच्या तोंडाला तापाचं निमित्त होऊन मुरलीधर गेला. तेव्हापासून धाकटा कोणाशी धड बोलत नव्हता, आणि बोललाच तर ओरडत होता.

त्यांच्या माळरानाच्या तालुक्यात एक लहानशी संस्था होती; दोघे भाऊ तिथेच कामाला होते. त्या तालुक्यातले मेंढपाळ आपल्या कळपाला हाक घालतात, आणि प्रत्येक घराची हाक निराळी असते. शंभर मेंढरं एका पाणवठ्यावर मिसळली तरी एका हाकेसरशी आपापल्या धन्याकडे वळतात. बापाने मुलाला शिकवलेल्या या हाका आता विरळ होत चालल्या होत्या. मुरलीधर त्यांच्या तळांवर जाऊन राही, म्हाताऱ्या मेंढपाळांच्या हाका ध्वनिमुद्रित करी आणि संस्थेच्या संगणकात आणून ठेवी. ते सारं नीट राहावं म्हणून वृद्धांनी संगणकाच्या जावा भाषेत एक प्रणाली लिहून दिली होती. संस्थेत सगळे तिला कोठार म्हणत.

कोठारात प्रत्येक हाकेच्या दोन वस्तू असत. एक नोंद : हाक कोणाची, कुठल्या गावची, कोणाकडून शिकलेली. दुसरी प्रत्यक्ष आवाजाची फाईल. नोंदी एका जागी राहत, फाइली दुसऱ्या जागी. फाईलवर माणसाचं नाव नसे. यंत्राने दिलेली अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ, एवढीच तिची ओळख. नोंद शाबूत असली तरच कळे की ही माळ म्हणजे अमक्या आजोबांचा गळा.

“कोठार उघडलं की पानंच्या पानं लाल आहेत,” धाकटा सांगू लागला. “दादानं आणलेल्या प्रत्येक हाकेपुढं एकच ओळ. फाईल सापडली नाही. एक नाही, दोन नाही, सगळ्या! मी अख्खा संगणक पालथा घातला. गावांच्या नावानं शोधलं, मेंढी म्हणून शोधलं, हाक म्हणून शोधलं. काही नाही.”

“कधीपासून?”

“काय माहीत. दादा गेल्यावर कोण बघत होतं? उद्या संग्रह लोकांसाठी खुला व्हायचाय, म्हणून आज उघडून बघितलं. माणसं आपल्या आज्याची हाक ऐकायला येणार आहेत, बाबा. कुंदाताई म्हणतात, लोकांपुढं असलं लाल पान ठेवायचं नाही, संध्याकाळच्या आत सफाई चालव.”

वृद्धांचा तेलाचा हात थांबला. कुंदाताई संस्थेच्या व्यवस्थापक होत्या. आणि सफाई म्हणजे कोठाराचंच एक काम होतं : ज्या नोंदीची फाईल सापडत नाही, ती नोंद पुसून टाकणं.

“चालवलीस?”

“बटनावर बोट ठेवलं होतं. दाबणारच होतो. म्हटलं, गेलंय तर सगळंच जाऊ दे एकदाचं. मग तुमची आठवण आली.” हातातला तांब्या त्याने खाली ठेवला. “पुसलेलं मागं घेता येतं ना?”

“नाही.”

एवढं बोलून वृद्ध उठले, काठी घेतली आणि म्हणाले, “गाडी काढ. आणि सावकाश चालव. मला अजून बरंच जगायचंय.”

धाकट्याने गाडी मुळीच सावकाश चालवली नाही. संस्थेच्या फाटकाशी उतरताना वृद्धांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “तुझ्यामागं बसण्यापेक्षा मेंढरांबरोबर चालत आलो असतो तर बरं!”

कुंदाताई दारातच उभ्या होत्या. “या बाबा. आता तुम्हीच समजवा याला. नाहीत त्या फाइली नाहीत. दुःख मलाही आहे. मुरलीधरला मीच कामावर घेतलं होतं. पण उद्या मांडव उभा राहणार, पाहुणे येणार. आणि या पठ्ठ्यानं मघाशी काय केलंय ते विचारा.”

“काय केलंस?”

धाकटा खाली बघू लागला.

“लाल अक्षरं गायब केली,” कुंदाताई म्हणाल्या. “मी खूश झाले. म्हटलं सापडलं सगळं. एका आजोबांच्या नावावर टिचकी मारली, तर नुसती शांतता! दुसऱ्यांच्या नावावर मारली, तिथंही शांतता. उद्या काय लोकांना शांतता ऐकवायची?”

धाकटा पुटपुटला, “कोठार चूक दाखवतं ना, ती मी मधेच धरली आणि टाकून दिली. कुणाला दिसायलाच नको म्हटलं.”

वृद्ध खुर्चीवर टेकले. “लहान मूल पोट दुखतंय म्हणून रडत होतं. तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास. आता पोट दुखायचं थांबलं का?”

“नाही.”

“मग हात काढ.”

धाकट्याने आपण घातलेल्या ओळी काढून टाकल्या. पान पुन्हा लालभडक झालं. त्याला ते पाहवेना. वृद्ध मात्र पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, चष्मा कपाळावर सरकवून, ओळ वाचू लागले.

“मोठ्याने वाच ही.”

“फाईल सापडली नाही.”

“पुढे?”

“पुढं काय? पुढं कचरा आहे. कोठार, ध्वनी, मग ती अक्षरांची माळ.”

“ज्याला तू कचरा म्हणतोस, त्यातच कोठार कुठे पाहून आलं ते लिहिलंय. तू ‘नाही’ एवढं ऐकलंस आणि कान मिटलेस.” वृद्ध मागे टेकले. “बरं. तो मायक्रोफोन इकडे दे.”

धाकट्याला वाटलं, आता बाबा काही तरी मोठी विद्या काढणार. त्याने मायक्रोफोन पुसून त्यांच्यापुढे धरला. वृद्धांनी तो तोंडाशी नेला आणि खोकले. एकदा कोरडं, एकदा कफाचं. मग खिडकीकडे तोंड करून ओरडले, “सगुणाबाई, दोन कप चहा, एकात साखर नको!” आणि ध्वनिमुद्रण बंद केलं.

“ठेव हे कोठारात. नोंद कर : म्हाताऱ्याचा खोकला.”

“बाबा!”

“कर म्हणतो ना.”

“माझ्या भावाचं सगळं आयुष्य हरवलंय इथं,” धाकटा उसळून म्हणाला, “आणि तुम्ही खोकला साठवताय? दिवस मावळायला आला! थट्टा सुचते कशी तुम्हाला?”

कुंदाताईंनाही ते रुचलं नाही. त्या मांडववाल्याकडे निघून गेल्या. वृद्ध शांतपणे बोट पडद्याकडे धरून बसले. अखेर धाकट्याने दात आवळून नोंद केली. मग वृद्ध म्हणाले, “वाजव.”

खोकला खणखणीत वाजला. सगुणाबाईंच्या नावाचा पुकाराही वाजला. आत स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “आणते ओ! दोनदा कशाला ओरडताय?”

“म्हणजे कोठार चांगलं चालतंय,” वृद्ध म्हणाले. “ते वस्तू ठेवतं आणि ठेवलेली परत देतं. आता मला सांग, माझा खोकला या संगणकात नेमका कुठे आहे? कोठाराला विचारू नकोस. तू स्वतः जाऊन बोट लाव.”

धाकट्याने संस्थेचा सामायिक फोल्डर उघडला. फाइली तिथेच असतात असं सगळे धरून चालले होते. तिथे खोकला नव्हता. त्याने शेजारचे फोल्डर पाहिले. तिथेही नव्हता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. दुपारभर तो हरवलेल्या वस्तू शोधत होता, आणि त्या नसतीलच तर, ही भीती प्रत्येक शोधात त्याच्या बोटांत होती. हा खोकला मात्र आहे, हे त्याने आत्ताच कानांनी ऐकलं होतं. म्हणून त्याची जिद्द पेटली. त्याने खुर्ची पुढे ओढली. चहा आला, गार झाला, साय धरली. नावाने शोधण्यात अर्थ नाही हे त्याच्या ध्यानात आलं, कारण फाईलला नावच नव्हतं. मग त्याने अख्ख्या डिस्कवर आत्ता, या घटकेत जन्मलेल्या फाइली मागवल्या.

“सापडला!” तो ओरडला. मग गोंधळला. “पण हे कुठं जाऊन बसलंय?”

सगळ्या फोल्डरांच्या वर, यंत्राच्या अगदी मुळाशी, जिथे कोणी कधी काही ठेवत नाही, तिथे ‘कोठार’ नावाचा एक फोल्डर होता. त्यात ‘ध्वनी’. त्यात एकुलती एक फाईल. म्हाताऱ्याचा खोकला.

“ही खोली बांधली कोणी?” धाकट्याने विचारलं. “मी नाही. ताईंनी नाही.”

“बांधली केव्हा, ते बघ.”

फोल्डरावरची तारीख पाहिली आणि धाकट्याचा चेहरा उतरला. 

“दादाचं तेरावं झालं आणि मी कामावर आलो तो दिवस,” तो म्हणाला. “रोज सकाळी दादा स्वतःच्या नावानं आत जायचा आणि तिथूनच कोठार सुरू करायचा. त्या दिवशी ते मला करायचं होतं. संगणकानं नाव विचारलं. मुरलीधर असं लिहायचं होतं. माझी बोटं चालेनात, बाबा. म्हणून मी असं करून ठेवलं, की मशीन चालू झालं की कोठार आपलं आपण सुरू व्हावं. कुणाचं नाव लिहायलाच लागू नये.”

तेव्हा वृद्धांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “गहिनी, समज तुला कोणी पत्ता दिला : देवळामागचं तिसरं घर. गावाचं नाव नाही. तू ज्या गावात उभा असशील त्या गावच्या देवळामागे जाशील. देऊळ सगळ्या गावांत असतं, तिसरं घरही असतं. दार वाजवशील, आत आपलं माणूस नसेल, आणि तू परत येऊन म्हणशील, माणूस गेलं. तो पत्ता अर्धाच होता. उरलेला अर्धा, गाव, तो वाचणाऱ्याच्या पायाखाली होता. या कोठारात फाइलींचा पत्ता मुरलीधरने तसाच लिहिलेला आहे. ‘कोठार, त्यात ध्वनी’, एवढाच. कोठार सुरू करणारा जिथे उभा, तिथून ते मोजायला लागतं. आणि तिथे खोली नसली तर तक्रार करत नाही, मुकाट्याने एक रिकामी खोली बांधून तिच्यात शोधत बसतं. आधी ते मुरलीधरच्या नावाच्या जागेतून सुरू व्हायचं, आता आपलं आपण यंत्राच्या मुळापासून; तू उभं राहण्याची जागा बदललीस. मुरलीधरचं घर आहे तिथेच आहे.”

“मग दादानं पूर्ण पत्ता का नाही लिहिला?”

“कोठार सुरू करायला आपण रोज असणारच, असं त्याला वाटलं. सगळ्यांनाच वाटतं.”

धाकटा पडद्याकडे बघत राहिला. आता काय करायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. भावाच्या नावाची ती एक जागा सोडून त्याने सगळीकडे शोधलं होतं. ती बंद होती आणि तिची किल्ली त्याच्याजवळ होती.

“तुम्ही लिहा ना नाव,” तो हळूच म्हणाला.

“मला दिसत नाही नीट.”

“आत्ता तर ओळ वाचलीत!”

“मघाशी दिसत होतं.”

धाकट्याने नाक ओढलं. हात पँटला पुसले. मग एकेक अक्षर करत भावाचं नाव लिहिलं, परवलीचा शब्द लिहिला आणि डोळे गच्च मिटून बटन दाबलं.

उघडले तेव्हा समोर थोरल्याचा पसारा होता. अर्धवट नावांचे फोल्डर, एका कोकराचा वाकडा फोटो, ‘हे आधी बघ’ नावाची फाईल आणि तिच्याखाली ‘हे त्याच्याही आधी बघ’. आणि कोपऱ्यात ‘कोठार’. त्याच्या आत ‘ध्वनी’. त्याच्या आत त्या लांबलचक माळा, खाली सरकत जावं तरी संपू नयेत इतक्या.

धाकटा ताडकन उठला. “आहेत! बाबा, सगळ्या आहेत! इथूनच सुरू करतो कोठार, जसा दादा करायचा. एका मिनिटात लाल जाईल!”

“जाईल,” वृद्ध म्हणाले. “आणि उद्या सकाळी?”

“उद्या परत इथूनच करीन. दादाच्या नावानं.”

“आणि तू आजारी पडलास त्या दिवशी? किंवा बायको करून पुण्याला गेलास तर?”

“मी नाही जाणार कुठं.”

वृद्धांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. धाकटा उभा होता तसा हळूहळू खाली बसला. आपण आत्ता काय बोललो ते त्याच्या कानांत घुमत असावं. दादालाही कुठे जायचं नव्हतं.

मग तो कामाला लागला. इतक्या शांतपणे त्याला काम करताना संस्थेत कोणी पाहिलं नव्हतं. आधी त्याने कोठार थांबवलं. भावाच्या फोल्डरातली प्रत्येक माळ सामायिक जागेत उतरवून घेतली. उतरलेली फाईल आणि मूळ फाईल अक्षर न् अक्षर सारखी आहे का, ते यंत्राकडून पडताळून घेतलं. एक मोठी फाईल मधेच तुटली, तेव्हा त्याने शिवी हासडली नाही. ती पुन्हा उतरवली. मूळ फाइलींना हात लावला नाही. खोकलाही आणून शेजारी ठेवला. मग कोठाराचा पत्ता जिथे लिहिला जातो ती ओळ उघडली आणि डिस्कच्या मुळापासून सुरुवात करून, एकही पायरी न गाळता, पूर्ण पत्ता लिहिला. सुरू करणारा कोणीही असो, कुठेही उभा असो, मोजणी एकाच ठिकाणापासून होईल असा. शेवटी प्रणालीतली ती मुकाट्याने रिकामी खोली बांधणारी ओळ शोधून त्याने विचारलं, “ही काढू का? खोली नसली तर कोठारानं सुरूच होऊ नये. ओरडून सांगावं.”

“काढ,” वृद्ध म्हणाले. त्यांच्या आवाजात बरं वाटल्याचं कळत होतं.

मधे कुंदाताई येऊन गेल्या. “झालं का? सफाई—”

“सफाई नाही चालवायची, ताई,” धाकटा मान वर न करता म्हणाला. “एकही नाव पुसायचं नाही. थोडं थांबा.”

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि एक खुर्ची ओढून बसल्या.

त्याने अख्खा संगणक बंद करून पुन्हा चालू केला. कोणाचंही नाव न विचारता कोठार आपलं आपण सुरू झालं. पान उघडलं. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

“पण मघाशीही लाल नव्हतं,” कुंदाताई म्हणाल्या. “वाजव बघू.”

धाकट्याने आवाज वाढवला. मग त्याने पहिल्याच नावावर टिचकी मारली.

आधी वारा ऐकू आला. माळावरचा, मोकळा. मग एका म्हाताऱ्याची हाक उठली, खालून वर चढत गेलेली, टोकाला जाऊन किंचित थरथरलेली. आणि ऐन थरथरण्यात एक कुत्रं भुंकलं. पाठोपाठ दुसरा आवाज आला, अगदी मायक्रोफोनला चिकटलेला : “हाड! हाड रे! मामा, परत एकदा घाला की. ह्याला वाटलं तुम्ही ह्यालाच बोलावताय.” आणि मग हसणं. मोकळं, दम लागेपर्यंतचं.

धाकटा खुर्चीत पुढे वाकला. त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय की रडतोय हे आधी कोणाला कळेना, आणि नंतर विचारायची गरज उरली नाही. पण त्याने आवाज बंद केला नाही. मामांनी हाक पुन्हा घातली. दूर कुठेतरी मेंढरांच्या घंटा वळल्या. शेवटपर्यंत त्याने ऐकलं.

कुंदाताईंनी पदराने डोळे टिपले. जरा वेळाने त्या घसा साफ करून म्हणाल्या, “गहिनी, उद्या त्या मामांची माणसं येणार आहेत. ते कुत्र्याचं नि मधलं बोलणं कापायचं का रे? नुसती हाक ठेवू.”

धाकट्याने बाहीने तोंड पुसलं.

“नको, ताई. दादा पण आहे त्यात. राहू दे.”

आपलं माणूस शोधूनही सापडत नाही असं वाटेल तेव्हा त्याची नोंद पुसू नये; आपण कुठे उभं राहून शोधतो आहोत, ते आधी पाहावं.